‘गुलदार’ आणि कोल्हापूरचे बारा जण: एका जहाजाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२५मध्ये कारवारच्या नौदल तळावर ‘आयएनएस गुलदार’ हे निवृत्त जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आलं. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ ते तळाशी उतरवायचं, त्याच्यावर समुद्री जीव वाढू द्यायचे आणि खाली बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना, पर्यटकांना ते दाखवायचं, अशी योजना होती. त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात आम्ही बारा जण जमलो. सगळे कोल्हापूरचे. पाच जण फौंड्री आणि मशीन शॉपमधले, दोघे शिक्षक, एक डॉक्टर, एक नौदलातून निवृत्त झालेले काका, बाकीचे नोकरदार. तारकर्लीला स्कूबा शिकलो तेव्हापासून दर हिवाळ्यात गगनबावड्यावरून खाली उतरून मालवण गाठायचं, हा आमचा नेम.

बैठक बोलावली होती ती वर्गणीसाठी. जहाजाच्या कामाला कोल्हापूरकरांनी हातभार लावावा आणि त्यावर जिल्ह्यातल्या सैनिकांच्या नावे एक पाटी असावी, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात होतं. सैनिक टाकळीसारखं घरोघरी सैनिक असलेलं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे असं वाटणं साहजिक आहे. चार माणसं एकत्र येऊन पैसे उभे करणं तालमींच्या या शहराला नवीनही नाही. पण फौंड्रीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, शेवटपर्यंत गप्प होते आणि मग म्हणाले, “लोखंड भट्टीत घातलं की परत लोखंड हुतंय. समुद्रात टाकलं की त्याचं काय हुतंय, ते मला आधी सांगा. मग पावती फाडतो.”

कुणालाच नीट सांगता आलं नाही. वर्गणीचा विषय तिथेच थांबला आणि पुढचे काही महिने आम्ही त्या एका प्रश्नामागे होतो. त्या महिन्यांत काय वाचलं, कुणाला भेटलो, कशावरून भांडलो आणि शेवटी काय ठरवलं, त्याची ही नोंद.

जहाज आणि त्याचा हिशेब

गुलदार म्हणजे बिबट्या. पोलंडमधल्या गडिनिया इथे बांधलेलं हे जहाज १९८५मध्ये नौदलात आलं आणि १२ जानेवारी २०२४ला पोर्ट ब्लेअरला ‘चीता’ आणि ‘कुंभीर’ या भावंडांबरोबर निवृत्त झालं. लांबी सुमारे ८४ मीटर, पूर्ण भारासह वजन अकराशे टनांच्या आसपास. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी ते बांधलं होतं, म्हणून तळ सपाट आणि पाण्यातली खोली कमी. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या मोहिमेत आणि २००४च्या त्सुनामीच्या मदतकार्यात या तिन्ही जहाजांनी काम केलं.

दादांनी पाठकोऱ्या चलनावर हिशेब मांडला. निव्वळ लोखंड सात-आठशे टन धरलं आणि भंगाराला किलोला तीसेक रुपये, तर दोन-अडीच कोटी होतात. त्यातून केबल, पितळ, मशिनरीचं वर काही. समुद्रात उतरवण्याच्या प्रकल्पाला, म्हणजे पाण्याखालचं संग्रहालय, कृत्रिम भित्तिका (समुद्री जीव वाढावेत म्हणून तळाशी मुद्दाम ठेवलेली रचना) आणि पाणबुडीतून पर्यटन या सगळ्याला मिळून, केंद्राने ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आहेत. राज्यांना पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाने भांडवली मदत देणाऱ्या योजनेतला हा पैसा. भंगारात जाणारी रक्कम त्यापुढे किरकोळ आहे. “मग भंगाराचा मुद्दा संपला,” दादा म्हणाले. “आता खर्चाचा मुद्दा. यातलं बुडवायला किती आणि बुडवल्यावर सांभाळायला किती?”

हा फरक आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहितो. आमच्या मनात जहाज बुडतानाचा एक दिवस होता.

निवतीच्या समुद्रात मोठं जहाज उतरवायची चर्चा पहिलीच नाही. ‘विराट’ ही विमानवाहू नौका मार्च २०१७मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच भागात तिचं संग्रहालय आणि साहसी पर्यटन केंद्र करायला मान्यता दिली, अंदाजे खर्च ८५२ कोटी. ते झालं नाही. ‘विराट’ ३८.५४ कोटींना भंगारात विकली गेली आणि सप्टेंबर २०२०मध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी ‘विक्रांत’ २०१४मध्ये मोडली गेली. नौदलातल्या काकांना हे दोन्ही प्रसंग आठवले की बोलवत नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जहाज कापलं जाताना बघण्यापेक्षा ते पाण्यात राहिलेलं बरं, मग वर्षाकाठी शंभरच माणसं तिथे जाऊन त्याला बघोत. त्या म्हणण्याचा मी मनापासून आदर करतो. पण ते जहाजाबद्दलचं म्हणणं होतं, समुद्राबद्दलचं नव्हतं. यावरून आमचा पहिला मोठा वाद झाला.

दुसऱ्या गावांनी काय केलं

हे काम लोकांनी हाती घेतल्याची उदाहरणं शोधली तेव्हा पहिलं ठळक नाव कॅनडाचं निघालं. ब्रिटिश कोलंबियात १९८६मध्ये हौशी पाणबुड्यांनी कृत्रिम भित्तिकांसाठी एक संस्था स्थापन केली. डिसेंबर १९९२मध्ये तिने ‘शोदिएर’ ही युद्धनौका सेशेल्टच्या खाडीत उतरवली. त्यामागे स्वयंसेवकांचे कष्ट होते: तेलाच्या टाक्या धुणं, केबल ओढून काढणं, वेष्टनं खरवडणं, दारं कापणं. दादांच्या कामगारांना फेटलिंगचं, म्हणजे ओतीव भाग घासून-खरवडून साफ करायचं काम माहीत आहे, त्यामुळे हे वर्णन वाचल्यावर फौंड्रीत पहिल्यांदा या विषयाला खरा मान मिळाला.

त्याच संस्थेची पुढची गोष्ट आम्हाला जास्त शिकवून गेली. ‘ॲनापोलिस’ हे जहाज तिने २००८मध्ये घेतलं आणि ते पाण्याखाली गेलं एप्रिल २०१५मध्ये. मधली सात वर्षं परवानग्या, सफाई, पैसा आणि स्थानिकांचा विरोध यांत गेली. जहाजात पीसीबी सापडली होती. पीसीबी म्हणजे जुन्या केबलच्या वेष्टनात, गॅस्केटमध्ये, रंगात पूर्वी वापरली गेलेली रसायनं. ती सहजी विघटन पावत नाहीत, माशांच्या चरबीत साठतात आणि मासे खाणाऱ्याच्या अंगात येतात. ज्या किनाऱ्यावर लोक रोज मासे खातात तिथे ही गोष्ट तळटिपेत ढकलता येत नाही.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर ‘ॲडलेड’ बुडवायची तारीख मार्च २०१०ची ठरली होती. रहिवाशांच्या एका गटाने लवादाकडे धाव घेतली. लवादाने बुडवायला मनाई केली नाही, पण उरलेली वायरिंग आणि सुटत चाललेला शिशाचा रंग आधी काढा, असं बजावलं. जहाज १३ एप्रिल २०११ला गेलं. त्या दिवशी डॉल्फिन जवळ आले म्हणून काही काळ थांबावंही लागलं. आमच्या गटात या रहिवाशांना ‘प्रकल्पाचे शत्रू’ म्हणणारे होते. मला तसं वाटत नाही. त्यांच्या भांडणामुळे जहाज जास्त स्वच्छ होऊन पाण्यात गेलं, म्हणजे काम त्यांनीही केलं.

अमेरिकेच्या ‘ओरिस्कनी’ या विमानवाहू नौकेचं उदाहरण उलट टोकाचं. मे २००६मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलाजवळ ती बुडवली. खर्च दोन कोटी डॉलरच्या घरात, आणि तरीही सुमारे ७०० पौंड पीसीबी आतच राहिल्याचा अंदाज होता. काढणं परवडत नाही म्हणून राहू दिली.

मग वादळं. २००२मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे १५५ मीटर लांबीचं जहाज ठरलेल्या वेळेआधीच बुडू लागलं आणि उलटं झालं, नाळ म्हणजे पुढचं टोक पाण्याबाहेर. पाणबुड्यांनी आणि टगबोटींनी त्याला कसंबसं कुशीवर आणून झोपवलं. तीन वर्षांनी, जुलै २००५मध्ये, ‘डेनिस’ चक्रीवादळाच्या लाटांनी तेच जहाज तळाशी फिरवून सरळ उभं केलं. न्यूझीलंडमध्ये ‘वेलिंग्टन’ नोव्हेंबर २००५मध्ये बुडवली आणि काही महिन्यांत वादळाने तिचे तुकडे केले. काकांनी वही काढली. ‘गुलदार’ स्पीगल ग्रोव्हच्या निम्म्याहून थोडं लांब आणि वजनाने कितीतरी हलकं. त्याचा सपाट तळ वाळूत नीट बसेल, हे त्याच्या बाजूचं. पण नैऋत्य मोसमी वाऱ्यात जून ते सप्टेंबर निवतीचा समुद्र काय असतो हे ज्याने किनाऱ्यावरून पाहिलंय, त्याला बसलेलं जहाज बसलेलंच राहील असं गृहीत धरता येणार नाही. काका त्या दिवशी पहिल्यांदा जहाज सोडून समुद्राबद्दल बोलले.

इंग्लंडमधलं ‘सिला’ २००४मध्ये बुडवलं. त्यावर जीव कसे वसत गेले याचा पद्धतशीर अभ्यास झाला, म्हणून आम्हाला ते सगळ्यात जवळचं वाटलं. पण २००७मध्ये त्याच जहाजाच्या आत शिरलेले दोन पाणबुडे परत आले नाहीत. आतला गाळ एकदा उठला की हाताचा पंजा दिसत नाही आणि दार कुठे होतं ते कळत नाही. म्हणून बुडवण्याआधी जहाजाला मोठाली भोकं कापतात, जेणेकरून प्रत्येक खोलीतून बाहेरचा उजेड दिसावा. मालवणात किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून चार-पाच मीटर खाली जाणारे जे पर्यटक असतात, त्यांच्यासाठी बुडालेल्या जहाजाचा आतला भाग नाही. साध्या परवान्याच्या पाणबुड्याला १८ मीटर, पुढच्या प्रशिक्षणानंतर ३० मीटर ही मर्यादा सांगितली जाते, तीही उघड्या पाण्यात. आमच्या डॉक्टरांनी मग विचारलं की दाबामुळे रक्तात बुडबुडे झालेल्या रुग्णाला कुठल्या रुग्णालयात आणि किती तासांत पोचवायचं, हे कोण लिहून ठेवणार? प्रश्न आमच्या यादीत गेला.

शब्दाबद्दल थोडंसं. बातम्यांमध्ये ‘कृत्रिम प्रवाळभित्ती’ असा शब्द येतो. जहाज उतरवलं की प्रवाळ उगवतं, असा समज त्यातून होतो. लोखंडावर आधी जिवाणूंचा थर, मग शेवाळ, बार्नॅकल, शिंपले, स्पंज असे थर चढतात. मासे त्याहून आधी येतात, कारण त्यांना आडोसा हवा असतो. आता ते मासे नव्याने वाढले की आजूबाजूच्या खडकांवरून इकडे गोळा झाले, हा वाद शास्त्रज्ञांत अनेक दशकं चालू आहे. गोळा झाले असतील आणि तिथेच गळ पडत असेल, तर खडप, म्हणजे पाण्याखालचा नैसर्गिक खडक, रिकामं होतं आणि जहाज भरलेलं दिसतं. त्यातून प्रशांत महासागरातल्या पाल्मिरा बेटाचा दाखला वाचला. तिथे १९९१मध्ये एक मासेमारी जहाज बुडालं आणि त्याच्या आसपास एका प्रवाळसदृश जिवाने मूळ प्रवाळावर आक्रमण केलं. शेवटी २०१३मध्ये जहाज उचलावं लागलं. दादांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथे मिळालं: समुद्रात गेलेलं लोखंड कधी आडोसा होतं, कधी रोग, आणि काय झालं ते वर्षानुवर्षं खाली जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

निवतीला

मार्च संपता संपता आम्ही पाच जण निवतीला गेलो. खडकांवरचं दीपगृह, त्याच्या पलीकडे वेंगुर्ल्याची बर्न्ट आयलंड, जिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. समुद्र शांत होता, पाणी मात्र गढूळसर. वर्षातले किती दिवस इथे खालचं नीट दिसेल, हा प्रश्न पर्यटनाच्या कुठल्याही हिशेबात पहिला यायला हवा. कोकणच्या पाण्यात चांगली दृश्यता पावसाळा सरल्यानंतरच्या काही महिन्यांपुरती असते, आणि तीही रोज नाही.

एका होडीच्या मालकाकडे जेवलो. साठीचे गृहस्थ, तीन पिढ्या मासेमारी. बाबा म्हणत होतो त्यांना. आम्ही उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमी कोल्हापुराक परत जातलास. आमी हंयच रवतलव. जाळा अडाकला तर पैसे कोण देतलो?”

त्यांच्या संशयाला इतिहास आहे. १९८७मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून ठरलं, अशी भावना तिथे आजही आहे. समुद्रात सरकारने काहीही आखलं की आपली जागा जाते, हे त्यांनी गृहीत धरलेलं आहे. त्यात पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने पारंपरिक मच्छीमार आधीच टेकीला आलेला.

पण शेजारी बसलेल्या त्यांच्या पुतण्याचं मत वेगळं होतं. जहाज खाली असेल तर ट्रॉलर तिथून जाळं ओढत जाणार नाही, फाटेल म्हणून. मग गळाने मासे धरणाऱ्याला ते चांगलंच. तांबोशी, गोब्रा, शेवंड अशा खडपाला राहणाऱ्या जीवांना जागा होईल. बाबा आणि पुतण्याचं आमच्यासमोरच जुंपलं. केरळ-तमिळनाडूत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने काँक्रीटच्या भित्तिका पारंपरिक मच्छीमारांसाठीच टाकल्या आहेत, हे मी सांगितलं, तर बाबा म्हणाले की त्या मच्छीमारांसाठी टाकल्या, ही पर्यटकांसाठी टाकताहेत. मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आमच्या कुठल्याच वाचनात नव्हती. जहाज खाली गेलं की त्याच्यावर होड्या येणार आणि प्रत्येक होडी नांगर टाकणार. दिवसाला दहा होड्या आल्या तर दहा नांगर. “बोटीवर काय वाढलेला असात, ता नांगरान खरवडून काढशात. आणि बोटीवर जागा नाय गावली की आमच्या खडपार टाकशात.”

पत्र

परत आल्यावर वर्गणीचा विषय पुन्हा निघाला आणि पाटीचा बेत आम्ही सोडून दिला. सहजासहजी नाही. दोघे जण या कारणाने गटातून बाहेर पडले. त्यांच्या मते आम्ही शुभकार्यात खुसपट काढत होतो. त्यांचं दुःख मला समजतं. जिल्ह्यातल्या जवानांचं नाव त्या जहाजावर असावं ही इच्छा चुकीची नव्हती.

उरलेल्या दहा जणांनी संबंधित कार्यालयाला मराठीत एक पत्र लिहिलं. पहिली विनंती अशी की जहाजातून काय काढलं आणि काय राहिलं, याची यादी मराठीत लावावी, निवतीच्या जेटीवर लावावी. दुसरी, जहाज उतरवण्याआधी त्या जागेचं आणि जवळच्या खडपाचं जीवसर्वेक्षण करावं, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी असेल, आणि ते किमान दहा वर्षं चालू ठेवावं. तिसरी विनंती पैशाची: डायव्हिंगच्या प्रत्येक तिकिटातला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात जावा आणि त्यातून देखभाल, पाहणी आणि जाळ्यांची भरपाई व्हावी. त्या खात्यावर मच्छीमार सोसायटीचा प्रतिनिधी असावा. तिथे पर्यटकांना नेणाऱ्या होड्या शक्यतो निवती आणि आसपासच्या गावांच्याच असाव्यात, हेही लिहिलं. डॉक्टरांनी आपत्कालीन व्यवस्थेबद्दल एक पान जोडलं.

आमच्याकडून काय, हे पत्राच्या शेवटी होतं. दर हिवाळ्यात दोन वेळा जाऊन, ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेळी, मासे आणि वाढलेले जीव मोजायचे आणि त्याच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या. शिक्षकांनी पाण्याखाली न्यायच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचा तक्ता तयार केला, त्यात माशांची मालवणी नावं आधी आणि बाकीची नंतर. आम्ही शास्त्रज्ञ नाही, म्हणून मोजणीची पद्धत जाणकारांकडून तपासून घेतल्याशिवाय आकडे छापायचे नाहीत असंही ठरलं. काकांनी त्या मोजणीत एक रकाना वाढवला: जहाज गेल्या वेळेपेक्षा किती कललंय.

पत्राची पोच मिळाली. त्यापुढचं उत्तर आलेलं नाही.

दादांनी पावती फाडली नाही, पण वेगळंच काहीतरी केलं. बाबांचं नांगराचं बोलणं त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. होड्यांना नांगर टाकावाच लागू नये म्हणून तळाशी कायमचं वजन ठेवून त्याला साखळी आणि वर तरंगणारा बोया बांधतात. होडी बोयाला दोर लावते, तळाला हात लागत नाही. त्यांनी पॅटर्नमेकरला बोलावून अशा वजनाचा साचा करवून घेतला. खाली रुंद, वर निमुळतं, साखळीसाठी आरपार भोक. पहिलं कास्टिंग मे महिन्यात निघालं. फौंड्रीत त्या दिवशी नेहमीसारखंच काम चालू होतं, पण वाळू फोडून ते बाहेर काढलं तेव्हा आजूबाजूचे कामगार येऊन बघून गेले. एकाने विचारलं, “ह्ये कुठल्या मशीनचं?”

“समुद्राचं,” दादा म्हणाले.

परवानगीशिवाय समुद्रात काहीही टाकता येत नाही आणि टाकूही नये. त्यामुळे ते वजन फौंड्रीच्या आवारात पडून आहे, पावसाने त्यावर गंजाचा पातळ थर आलाय. जूनच्या सुरुवातीला, मासेमारीबंदी लागल्यावर, बाबांच्या पुतण्याने कुरियरने एक शाळकरी वही पाठवली. निवतीच्या आसपास जाळी कुठे-कुठे अडकतात, ती सगळी ठिकाणं त्यात होती: दीपगृह कुठल्या डोंगराच्या रेषेत आलं की खाली खडप आहे, खोली किती वाव, कुठला मासा. काही पानांवर अक्षर वेगळं, जुनं, थरथरतं. ते बाबांचं होतं. शिक्षकांपैकी एक जण सध्या त्या खुणा नकाशावर उतरवतोय. चौदा ठिकाणं झाली आहेत, वही निम्मी व्हायची आहे.